पडण्याची विद्या

त्या मुलखात आकाशाला मालक होता. जमीन ज्याची त्याची होती, नदीचे पाणी ज्याला लागेल त्याने न्यावे असा रिवाज होता. पण घरांच्या कौलांपासून वर जे काही निळे दिसे, ते सारे धन्याचे. धन्याच्या गच्चीवर लाकडी ढाबळ होती आणि तिच्यात त्याची गिरेबाज कबुतरे राहत. ही कबुतरे सकाळी थव्याने उंच जात, एक गोल फेरी घेत, आणि वळणावर एकाएकी पाठीवर उलटी होऊन गिरक्यांवर गिरक्या घेत खाली येत. छपरांच्या वर कुठेतरी ती सावरत आणि पुन्हा चढू लागत. ते पाहायला खाली चौकात माणसे जमत. जे कबुतर जास्त पडे त्याला जास्त दाणे मिळत. जे पडत नसे, नुसते सरळ उडे, त्याला धनी झाकणाच्या टोपलीत घालून घेऊन जाई. टोपली परत येई. तिच्याविषयी ढाबळीत कोणी बोलत नसे, पण ती जिथे टांगलेली असे त्या बाजूच्या खणात राहायला कोणी राजी नसे.

थव्याचा म्होरक्या गेरू नावाचा नर होता. विटेसारखा तांबूस, छाती रुंद, डोळे मोत्यासारखे पांढरे. तो वळला की थवा वळे, तो पडला की थवा पडे. नव्या पिल्लांना तयार करण्याचे कामही त्याच्याकडेच होते. पिल्लांना तो पोटभर खाऊ देत नसे, कारण भरल्या पोटाचे कबुतर जड होते आणि त्याला जगाची फिकीर राहत नाही. उडण्याची वेळ सोडता ती अंधाऱ्या खणात राहत, कारण सतत उजेड पाहणाऱ्याचे मन पसरते. धन्याने दाण्यांचा डबा खुळखुळवला की सगळे सोडून खाली यायचे, हे तो त्यांना सर्वांत आधी शिकवी. बाकीचे मागाहून येई.

गेरूला एक गोष्ट ठाऊक होती, ती त्याने कोणाला सांगितलेली नव्हती. पडणे ही कला आहे असे चौकातली माणसे समजत, धनी तसे सांगे, आणि थव्यातली कबुतरेही एकमेकांकडे पाहून तसेच समजत. पण वर गेल्यावर गेरूच्या मानेमागे गार काहीतरी सरके, डोळ्यांपुढे काळोख येई, आणि भान परत येई तेव्हा छपरे जवळ आलेली असत. मधल्या वेळात काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. त्याला वाटे, आपल्या एकट्यालाच ही खोड आहे. बाकीचे खरोखरच कसबाने पडतात. थव्यातल्या प्रत्येकाला असेच वाटत होते.

गेरूची जोडीदारीण काजळी. गडद करड्या रंगाची, शांत, कष्टाळू मादी. त्या दोघांना त्या वर्षी एकच पिल्लू झाले. अंगाने फिकट पिवळी, मानेवर पांढरा कंठा. तिचे नाव शेवंती. चालायला लागली तेव्हापासून तिच्यात खोट काढावी असे काही नव्हते. पंख मजबूत, दम मोठा. पहिल्याच दिवशी ती थव्याच्या बरोबरीने वर गेली. वळण आले. थवा पडला. शेवंती तिथेच राहिली आणि एकटीच मोठी, संथ फेरी घेत राहिली, जणू तिला काही दिसले होते आणि ते नीट पाहून घ्यायचे होते.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि नंतरही. धन्याने एकदा वर पाहिले, मग टोपलीकडे पाहिले.

काजळी त्या दुपारी गेरूला म्हणाली, "लोकांची पोरं तुम्ही तयार केलीत. घरातल्या एका पोरीला पडता येऊ नये?"

"तिचे पंख चांगले आहेत," गेरू म्हणाला.

"चांगले पंख कोणी ठेवून घेत नाही. मी दोन भावंडं त्या टोपलीतून जाताना पाहिलीत. तिसऱ्यांदा मला पाहायचं नाही."

गेरू शेवंतीच्या खणाशी गेला. तिला रागे भरावे असे ठरवून गेला होता, पण तिथे पोचल्यावर त्याने भलतेच विचारले. "वर गेल्यावर तू काय पाहत असतेस?"

"नदी," शेवंती म्हणाली. "ती इथून सरळ दिसते, पण पुढं जाऊन वळते. वळणापलीकडं काळा कडा आहे, आबा. त्याच्या कपारींत आपल्यासारखीच कबुतरं राहतात. राखाडी आहेत. ती नुसती उडतात. दाणे टिपतात, पाणी पितात, आणि संध्याकाळी घरी जातात."

गेरूने आयुष्यभर त्याच आकाशात चढउतार केली होती. नदीला वळण आहे हे त्याला त्या दिवशी कळले.

"हे तू कोणाला सांगितलंस?"

"नाही. सगळ्यांना दिसतच असेल की."

गेरू तिच्याजवळ सरकला. मग म्हणाला, "उद्यापासून तू लांब पाहायचं नाहीस."

"मग कुठं पाहू?"

"कुठंच नाही."

त्याने तिला सर्वांत आतल्या, अंधाऱ्या खणात हलवले. तिच्या दाण्यांतले निम्मे तो स्वतः टिपून घेई, म्हणजे तिला हलके वाटावे. वळण येण्याआधी श्वास कोंडून धरायचा, डोळे मिटायचे, मान मागे टाकायची आणि मनात काहीही असेल ते सोडून द्यायचे, हे त्याने तिला पुन्हा पुन्हा सांगितले. शेवंती ऐकणारी पोर होती. बापाच्या आवाजातली भीती तिने ओळखली होती. ती भीती आपल्यासाठी आहे हेही तिला समजत होते. ती मनापासून प्रयत्न करी. पण डोळे मिटले तरी तिला कडा दिसे, आणि ती पुन्हा सरळ उडू लागे.

"अजून काय दिसतं?" गेरू विचारी.

"कडा."

"आता?"

"थोडा पुसट."

एके सकाळी वळणावर तिची मान मागे गेली, पंख एकदम ताठ झाले, आणि ती एखाद्या चक्रासारखी फिरत खाली आली. चौकातून आनंदाचा आवाज उठला. धन्याने टोपली खुंटीवरून काढली आणि आत नेऊन ठेवली. ढाबळीत परत आल्यावर काजळीने शेवंतीच्या मानेची पिसे चोचीने कितीतरी वेळ साफ केली. गेरू समोर बसून लेकीचे डोळे पाहत होता. ती प्रत्येक गोष्टीकडे उशिरा पाहू लागली होती. डबा वाजला की आवाजाकडे मान वळवायला तिला क्षणभर लागे.

यानंतर शेवंतीचे नाव झाले. ती इतरांच्या दुप्पट खोल पडे, आणि इतक्या वेगाने फिरे की तिच्या मानेवरचा पांढरा कंठा खालून अखंड वर्तुळासारखा दिसे. परगावची माणसे तिला पाहायला येऊ लागली. धनी तिला हातावर घेई, तिच्या पाठीवर फुंकर घाली आणि जमलेल्यांना म्हणे, "ही रक्तातली देणगी. शिकवून येत नाही." दर वेळी ती आधीच्यापेक्षा थोडी खाली येऊन सावरे. आधी पिंपळाच्या शेंड्याशी, मग कौलांशी, मग चौकातल्या दिव्याच्या खांबाशी. जितकी ती खाली येई, तितकी माणसे आवाज न करता उभी राहत आणि मागाहून तितक्याच जोरात ओरडत.

गेरू घाबरला. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितले, "बाळ, आता पुरे. जरा वरच सावर."

"कशी सावरू, आबा?" शेवंती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "त्या वेळेला मी तिथं नसतेच."

आपल्या एकट्याचे म्हणून जे गेरूने जन्मभर लपवले होते, ते लेकीने सहज सांगून टाकले होते. "तुलाही काळोख येतो?"

"सगळ्यांनाच येत असेल की," ती म्हणाली. मग आठवल्यासारखे करून तिने विचारले, "तो कडा खरंच होता का, आबा? की मीच काहीतरी सांगितलं होतं?"

"होता," गेरू म्हणाला. पण त्याने स्वतः तो पाहिलेला नव्हता, आणि ते तिला त्याच्या आवाजावरून कळले.

जत्रेच्या दिवशी चौक भरला होता. माणसे भिंतींवर, ओट्यांवर, गाड्यांवर चढून बसली होती. वारा नव्हता. थवा वर गेला, वळला, पडला, आणि सगळे सावरून पुन्हा चढले. शेवंती पडतच राहिली. ती पिंपळाच्या खाली आली, कौलांच्या खाली आली, दिव्याच्या खांबाच्या खाली आली, आणि चौकातल्या फरशीवर तिचा आवाज झाला. तो फार मोठा नव्हता. क्षणभर कोणी हलले नाही. मग एका कोपऱ्यातून टाळी वाजली आणि तिच्यामागून सगळा चौक टाळ्या वाजवू लागला. इतक्या टाळ्या त्या मुलखात पूर्वी कधी वाजल्या नव्हत्या. धन्याने पुढे होऊन सर्वांना वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी ढाबळीत दुप्पट दाणे आले. ज्वारीत हरभराही होता. थव्याने खाल्ले. काजळीने खाल्ले. शेवटी गेरूनेही खाल्ले, कारण सकाळपासून तो उपाशी होता, आणि दाणा घशाखाली गेला तेव्हा तो गोड लागला. हेच त्याला पुढे कधी विसरता आले नाही.

धन्याला शेवंतीसारखी आणखी पिल्ले हवी होती. त्याने गेरूला आणि काजळीला वेगळ्या, ऐसपैस खणात ठेवले, गवत दिले. काजळीने दोन अंडी घातली आणि ती त्यांच्यावर बसली.

"आपण जाऊ," गेरू म्हणाला. "नदीच्या वळणापलीकडं कडा आहे."

"अंडी टाकून?"

"त्यातून काय निघणार आणि त्याचं काय होणार, ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," काजळी म्हणाली. "म्हणूनच निघेल तेव्हा आईनं जवळ असायला हवं. तुम्ही जा. तुम्ही राहिलात तर पुन्हा शिकवाल." तिने त्याच्याकडे न पाहता अंडे पोटाखाली सरकवले.

दुसऱ्या सकाळी थवा डावीकडे वळला तेव्हा गेरू वळला नाही. तो नदीच्या बाजूने उडू लागला. मागे डबा खुळखुळला, पुन्हा खुळखुळला. त्याचे पंख त्या आवाजाकडे दोनदा ओढले गेले, पण तो पुढे गेला. वाटेत त्याला काळोख आला आणि तो पडला; भान आले तेव्हा शेताच्या बांधावरची माणसे हसून टाळ्या पिटत होती. पुढे पुन्हा पडला, तिथे कोणी नव्हते. नुसत्या नदीच्या आवाजात तो सावरला आणि चढू लागला. मग नदी वळली, आणि समोर काळा कडा उभा होता. शेवंतीने सांगितला तसाच, कपारींसकट.

कड्यावरच्या थव्यात कातळी नावाची वडीलधारी मादी होती. तिने त्याला धड दमही घेऊ दिला नाही. "पाहुणे, आधी पाणी प्या," ती म्हणाली. "मघाशी येताना तुम्ही आभाळातून खाली कोसळलात, लांबून दिसलं. काही दुखणं आहे का?"

गेरूने बरेच शब्द आठवून पाहिले. कला, कसब, देणगी. मग म्हणाला, "दुखणंच आहे."

हा शब्द तोंडून निघाल्यावर त्याला एकदम हलके वाटले. कातळीने आणखी काही विचारले नाही. दुखणाईताला देतात तशी त्याला वाऱ्याआडची कपार दिली. तो उंच जाण्याचे टाळू लागला. कड्याच्या पायथ्याशी चालत चालत गवताचे बी टिपी आणि कबुतरांना सरळ उडताना पाही. त्याला वाटे, यांतल्या एखादीच्या मानेवर पांढरा कंठा असता तर शोभला असता.

त्या कड्यावर सगळे सुखाचे होते असे नाही. डोंगरात ससाणा होता. अधूनमधून तो येई आणि एखादे कबुतर उचलून नेई. जे त्याच्या वाटेत येई ते जाई. त्यात कोणाचा दोष नसे. थवा दोन दिवस गप्प राही आणि मग पुन्हा उडू लागे.

असाच तो एकदा आला, तेव्हा गेरू पायथ्याशी होता. थवा उधळला, त्या गडबडीत तोही भिऊन वर उठला. ससाणा थेट त्याच्यावर झेपावला. नेमका त्याच वेळी गेरूला काळोख आला. तो पडला, आणि ससाण्याची नखे रिकाम्या हवेत मिटली. ससाण्याने वळून शेजारून सरळ उडणारी एक मादी उचलली आणि तो निघून गेला.

कपारीत परतल्यावर थवा गेरूभोवती गोळा झाला. त्यांत भुरा नावाचा तरणा नर होता. ससाण्याने नेलेली मादी त्याची जोडीदारीण होती. तो म्हणाला, "गेरूकाका, तुम्ही पडलात म्हणून वाचलात. ती सरळ उडत होती म्हणून गेली."

"मी पडलो नाही रे, मला दुखणं आहे. मला भानच नव्हतं."

"भान होतं तिला. काय उपयोग झाला? आम्हाला शिकवा."

"नाही," गेरू म्हणाला.

भुरा रोज येऊन बसू लागला, आणि त्याच्याबरोबर आणखी काहीजण. गेरू त्यांना घालवून देई. अखेर एके दुपारी, या पोरांना एकदा सगळे कळलेच पाहिजे असे ठरवून, त्याने शेवंतीची हकीकत सांगितली. काही राखून ठेवले नाही. तिला अर्धपोटी कसे ठेवले, अंधारात कसे बसवले, वळणावर श्वास कोंडायला आणि मान मागे टाकायला कसे शिकवले, तिचा कडा कसा पुसट होत गेला, आणि चौकात काय झाले. कातळीने डोळे मिटून घेतले. तरुण कबुतरे एकाग्र होऊन ऐकत होती.

सांगून झाल्यावर भुऱ्याने हळूच विचारले, "श्वास वळणाच्या आधी कोंडायचा, की वळताना?"

गेरू उठून आपल्या कपारीत गेला. पण जे हवे होते ते त्यांना मिळाले होते. दुसऱ्या दिवसापासून कड्याच्या सर्वांत खोल, अंधाऱ्या कपारी भरू लागल्या. पायथ्याचे बी तसेच पडून राहू लागले. गेरू कपारीकपारीतून हिंडून त्यांना बाहेर ओढू पाही. ती नम्रपणे बाजूला सरत आणि तो गेला की पुन्हा आत जात. महिना उलटला नाही तोच भुरा पहिल्यांदा पडला.

कातळीने अखेरपर्यंत पडायला नकार दिला. "मी या आभाळात अशीच म्हातारी झाले," ती म्हणे. पुढच्या खेपेला ससाण्याने तिला नेले. त्याच दिवशी तीन तरणी कबुतरे पडता पडता खालच्या खडकांवर आपटली होती, पण ती ससाण्याने नेलेली नव्हती, म्हणून त्यांना कोणी मोजले नाही. कातळीविषयी सगळे हळहळले आणि म्हणाले, सांगत होतो आम्ही.

आता ससाणा रोज येऊ लागला. पाठलागाची दगदग त्याला उरली नव्हती. तो समोरच्या सुळक्यावर बसे. थवा वर जाई, त्याच्यासमोर वळे आणि पडे. ससाणा मान कलती करून पाही. जी पिल्ले पडत नसत ती त्याला लांबूनच ओळखू येत, कारण बाकीचा थवा त्यांच्यापासून अंतर राखून उडे. ससाणा त्यांतले एक सावकाश उचली. मग तो दिवस कड्यावर निर्धास्त जाई. भुरा म्हणे, "पूर्वी कोणाचीही पाळी यायची. आता निदान नियम आहे."

गेरूचे पंख थकले होते. तो आता उडत नसे, पडतही नसे. त्या सकाळी तो कपारीच्या तोंडाशी बसला होता. थवा पडून, सावरून परत आला होता. एक पिल्लू कमी होते आणि त्याची आई दुसऱ्या पिल्लाला अंधाऱ्या कपारीत ढकलत होती. ससाणा खाऊन पुन्हा सुळक्यावर येऊन बसला होता. तो सुळका उघडा, खडबडीत होता आणि त्याला तिथे नीट बसता येत नसावे. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता.

भुरा उडत सुळक्यावर गेला. त्याच्या चोचीत मऊ गवताची काडी होती. जपून पावले टाकत तो ससाण्याच्या जवळ गेला आणि वाकला. ससाण्याने एक पाय उचलला, काडी खाली सरकू दिली आणि पाय परत ठेवला. भुऱ्याच्या मागे आणखी कबुतरे काड्या घेऊन उभी होती. ती रांग सुळक्यावरून उतरून, खिंडीच्या कडेने, पार गेरूच्या कपारीपर्यंत आली होती. तिच्यातल्या शेवटच्या कबुतराने वळून म्हाताऱ्या गेरूकडे पाहिले, आदराने मान लववली आणि त्याला आपल्या पुढे जागा करून दिली.